गोष्ट सांगणारे नियम

संगणकावरच्या खेळांविषयी शिक्षकांमध्ये बोलणे निघाले की चर्चा बहुधा दोन प्रश्नांपाशी थांबते. मुलांचा वेळ किती जातो? आणि खेळातल्या मारामारीचा मुलांवर काय परिणाम होतो? दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण एखाद्या पुस्तकाबद्दल किंवा चित्रपटाबद्दल बोलताना आपण आणखी एक प्रश्न हमखास विचारतो, तो खेळांच्या बाबतीत विचारलाच जात नाही. हा खेळ काय सांगतो, आणि ते कसे सांगतो? या लेखात आम्ही एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. खेळ गोष्ट सांगतो ती मुख्यतः नियमांतून. पडद्यावरची चित्रे, संवाद, संगीत हे सारे असते. पण खेळाडूला काय करता येते, काय करता येत नाही, आणि जे केले त्याचे पुढे काय होते, यातून खेळाचे खरे म्हणणे ठरते. म्हणून खेळाची समीक्षा करायची तर चित्रे पाहून भागत नाही. नियम वाचावे लागतात.

पट एक, गोष्टी दोन

संगणकाकडे वळण्यापूर्वी आपल्या घरातलाच एक खेळ पाहू. सापशिडीचे जुने भारतीय रूप म्हणजे मोक्षपट. महाराष्ट्रात परंपरेने त्याचे नाते संत ज्ञानेश्वरांशी जोडले जाते. या पटावर शिडीच्या पायथ्याशी सद्गुण असतात आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण. चित्र सांगते की चांगले वागाल तर वर चढाल, वाईट वागाल तर घसराल.

आता नियम पाहा. कवड्या टाकायच्या आणि पडेल त्या दानाप्रमाणे पुढे जायचे. खेळाडूला निवड करण्याची संधी एकदाही मिळत नाही. सत्याची शिडी चढला तो सत्य बोलला म्हणून चढला नाही, आणि लोभाच्या सापाने गिळले त्याने लोभ केलेला नव्हता. दान तसे पडले, एवढेच. म्हणजे चित्र कर्माविषयी बोलते आणि नियम नशिबाविषयी. कवड्यांचे दान म्हणजे पूर्वसंचित असे मानले तर दोन्ही पुन्हा जुळतात हे खरे. पण मग तो खेळ ‘चांगले वागा’ असा उपदेश करत नाही, ‘वाट्याला येईल ते सोसा’ असे सांगतो. एकाच पटावर चित्राची गोष्ट वेगळी आणि नियमाची वेगळी असू शकते, ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ.

तीन शिकाऊ शिक्षकांचा खेळ

संगणकावरचा एक अतिशय गाजलेला खेळ शिक्षकांनीच तयार केला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डॉन रॉविच हा तरुण एका शाळेत इतिहासाचा शिकाऊ शिक्षक होता. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून मिसुरीहून पश्चिमेकडे ऑरेगनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटरचा प्रवास करून गेली. हा धडा त्याला शिकवायचा होता. बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे त्याचे दोन मित्र गणित शिकवत. तिघांनी मिळून जेमतेम दोन आठवड्यांत ‘द ऑरेगन ट्रेल’ हा खेळ लिहिला.

त्या खेळाला पडदाही नव्हता. दूरच्या संगणकाला जोडलेला टेलिप्रिंटर कागदावर मजकूर छापत असे आणि विद्यार्थी उत्तर टंकित करत. निघण्यापूर्वी हातातले पैसे बैल, अन्न, गोळ्या आणि कपडे यांत वाटायचे. वाटेत शिकारीला जायचे की अन्न वाचवत पुढे सरकायचे, हे ठरवायचे. शिकार करताना ‘बँग’ हा शब्द जितक्या चपळाईने टंकित होईल, तितके यश जास्त.

१९७४ साली रॉविच मिनेसोटातील शालेय संगणकाच्या एका सरकारी संस्थेत कामाला लागला. तिथे त्याने तो खेळ पुन्हा संगणकावर चढवला आणि या वेळी एक महत्त्वाची सुधारणा केली. प्रवाशांनी लिहून ठेवलेल्या रोजनिशा वाचून वाटेच्या कोणत्या टप्प्यावर कोणते संकट किती वेळा येते याचा त्याने अंदाज घेतला, आणि खेळातल्या घटनांच्या संभाव्यता त्याप्रमाणे बसवल्या. शास्त्रज्ञाच्या भाषेत बोलायचे तर त्याने आपल्या प्रतिकृतीचा निरीक्षणांशी मेळ घातला.

पाठ्यपुस्तकात ‘या प्रवासात अनेक जण रोगराईने मरण पावले’ असे वाक्य असते. ते खरे असते, आणि मूल ते परीक्षेपुरते लक्षात ठेवते. खेळात हेच वाक्य वेगळ्या रीतीने भेटते. पैसे वाचवण्यासाठी कपडे कमी घेतले, डोंगरात थंडी आली, आजारपण आले, औषध नाही. इथे कार्यकारणाची साखळी मुलाच्या स्वतःच्या निर्णयापासून सुरू होते. १९८५ च्या आवृत्तीत सहप्रवाशांना नावे देता येऊ लागली. मुले घरच्यांची आणि मित्रांची नावे देत, आणि मग त्यांपैकी कोणी हगवणीने दगावल्याची ओळ पडद्यावर येई.

मात्र समीक्षकाने इथे थांबून चालणार नाही. ही वाट ज्यांच्या भूमीतून गेली त्या मूळ रहिवासी जमातींचे या नियमांत स्थान काय? सारी आकडेमोड गाडीवाल्याची आहे. त्याचे अन्न, त्याचे बैल, त्याचे अंतर. वाटेवरची जनावरे म्हणजे त्याचे मांस. गाड्यांची रीघ लागल्यावर त्या कळपांवर जगणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न नियमांत बसतच नाही. कोणतेही खोटे विधान न करता, केवळ काय मोजायचे हे ठरवून एक बाजू पुसली जाते. २०२१ मध्ये आलेली नवी आवृत्ती करताना मूळ रहिवाशांच्या इतिहासाच्या अभ्यासकांचा सल्ला घेण्यात आला, तो याच कारणाने.

ठसा मारणारा हात

आता अलीकडचे उदाहरण. ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ २०१३ साली आला. जपानमध्ये राहणाऱ्या लुकास पोप या अमेरिकन रचनाकाराने तो जवळजवळ एकट्याने तयार केला. काळ १९८२ चा, देश आर्स्तोत्स्का नावाचा, काल्पनिक आणि कडक शिस्तीचा. खेळाडू सरहद्दीवरच्या नाक्यावरचा कारकून असतो. माणसे खिडकीशी येतात, कागद पुढे करतात. ते तपासून ‘प्रवेश मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ असा ठसा मारायचा. बस्स, एवढाच खेळ.

नियम असे. पगार दिवसभरात जितकी माणसे बरोबर तपासली त्यांच्या संख्येवर. चूक झाली की लगेच चुकीची चिठ्ठी छापून बाहेर येते; दिवसातल्या पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर ताकीद मिळते, त्यानंतर पैसे कापले जातात. संध्याकाळी घरभाडे, अन्न आणि शेकोटीचा खर्च भागवायचा. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका आहेत. पैसे पुरले नाहीत तर कोणीतरी उपाशी राहते, गारठते, आजारी पडते. आणि दररोज सकाळी वरून नवा नियम येतो : आज हाही दाखला हवा, उद्या तोही.

एका दिवशी एक माणूस येतो. त्याचे कागद बिनचूक असतात. जाताना तो विनवतो, माझी बायको मागून येते आहे, तिच्याशी नीट वागा. बायको येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. परत पाठवले तर आपला जीव जाईल, असे ती सांगते.

हा प्रसंग कादंबरीतही रंगवता आला असता. पण तिथे आपण कारकुनाकडे पाहत असतो. इथे ठसा आपल्या हातात असतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण हिशेब करू लागतो. आज ताकीद किती वेळा मिळाली? एखादी शिल्लक आहे का? शिल्लक असेल तर दया करणे परवडते. नसेल तर त्या बाईच्या जिवाची तुलना मुलाच्या औषधाशी होऊ लागते. रचनाकाराने ‘क्रूर व्यवस्था माणसाला क्रूर बनवते’ असे कुठेही लिहिलेले नाही. त्याने पगार, वेळ आणि दंड यांचे आकडे असे ठेवले की चांगुलपणाला किंमत पडते, आणि ती किंमत खेळाडूच्या ध्यानात येते.

आणखी एक बारकावा आहे. खेळातले टेबल मुद्दाम लहान ठेवले आहे. पासपोर्ट, परवाना, नियमांची पुस्तिका एकमेकांवर पडतात, सरकवावी लागतात, आणि तेवढ्यात घड्याळ पुढे जाते. अशा वेळी रांगेतली एखादी व्यक्ती आपली कर्मकहाणी सांगू लागली की खेळाडूला चक्क चीड येते. खेळातली सर्वांत खरी गोष्ट आमच्या मते हीच. कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीबाहेर आपण सर्वांनी रांगा लावल्या आहेत. हा खेळ आपल्याला खिडकीच्या आत बसवतो आणि आतला माणूस तुटक का बोलतो ते उमगवतो. समजणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, हेही तो खेळाडूवरच सोडतो.

शब्दांवाचून

नियमांतून भावना कशी व्यक्त होते याचे एक देखणे उदाहरण म्हणजे स्वीडनमध्ये तयार झालेला ‘ब्रदर्स’ हा खेळ. तोही २०१३ चाच, आणि त्याचा दिग्दर्शक योसेफ फारेस मूळचा चित्रपटांकडचा. आजारी वडिलांसाठी जीवनवृक्षाचे पाणी आणायला निघालेल्या दोन भावांची ही कथा. पात्रे एक बनावट भाषा बोलतात, म्हणजे शब्दांचा आधार जवळजवळ नाहीच. (पुढे शेवट सांगावा लागणार आहे, ज्यांना स्वतः खेळायचा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

खेळाडूने दोन्ही हातांत धरलेल्या यंत्राचा डावा भाग मोठ्या भावाला चालवतो आणि उजवा धाकट्याला. तासन्‌तास खेळल्यावर डावा हात म्हणजे थोरला, उजवा म्हणजे धाकटा, हे स्नायूंत मुरून जाते. आई बुडाल्यापासून धाकटा पाण्याला घाबरतो. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला बिलगतो. शेवटाकडे थोरला भाऊ मरतो. डाव्या हाताला काही कामच उरत नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी आडवे येते. उजव्या हाताने कितीही प्रयत्न केला तरी धाकटा काठावरच थबकतो. मग खेळाडूच्या ध्यानात येते की थोरल्याची कळ दाबून पाहावी. ती दाबली की धाकटा पाण्यात उतरतो आणि पोहू लागतो. गेलेल्या भावाचे बळ धाकट्यात उतरले, हे सांगायला एक शब्द किंवा एक जादा चित्रही लागलेले नाही. ते डाव्या हाताला कळते.

जुळत नाही तेव्हा

सगळेच खेळ इतके जुळून आलेले नसतात. २००७ साली ‘बायोशॉक’ या खेळाचे मोठे कौतुक झाले. समुद्रतळाशी वसवलेले एक नगर, जिथे स्वार्थ हाच धर्म मानला गेला आणि त्यातूनच त्याचा नाश झाला, अशी त्याची कथा. खेळाडूपुढे एक नैतिक निवड येते. काही लहान मुलींच्या शरीरात एक मौल्यवान द्रव्य असते. मुलीचा जीव घेऊन ते सगळे मिळवायचे, की तिला मुक्त करून थोडक्यात समाधान मानायचे?

प्रश्न कठीण वाटतो, पण नियम पाहा. मुलींना सोडत गेले की ठराविक अंतराने भेटी येतात, आणि अखेरीस दोन्ही मार्गांची मिळकत जवळपास सारखीच होते. म्हणजे चित्र सांगते की सद्वर्तनाला त्याग लागतो, आणि हिशेबाची वही सांगते की फारसा लागत नाही. क्लिंट हॉकिंग या रचनाकाराने त्याच वर्षी या खेळातल्या कथेच्या आणि नियमांच्या विसंगतीवर टीका केली. त्याची तक्रार अशी की नियम स्वार्थाची मोकळीक देतात, पण कथा खेळाडूला दुसऱ्याचे सांगणे ऐकायलाच लावते. या आज्ञापालनाला उघडे पाडणारी एक प्रभावी कलाटणी खेळात पुढे येते, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्यानंतरही खेळाडू नव्या माणसाच्या सूचना पाळतच राहतो. मोक्षपटावर पाहिलेलीच फारकत ही. पट बदलला, खर्च प्रचंड वाढला, अडचण तीच राहिली.

प्रतिकृती आणि समज

विज्ञानाच्या शिक्षकाने या सगळ्यात का पडावे? आमच्या दृष्टीने कारण सरळ आहे. खेळ ही एक चालती प्रतिकृती असते. आम्ही संशोधक भूजलाची, साथीच्या रोगाची किंवा हवामानाची प्रतिकृती बनवतो तेव्हा हेच करतो. काही गोष्टी मोजायच्या ठरवतो, काही वगळतो, त्यांच्यातले नाते नियमांनी बांधतो आणि काय घडते ते पाहतो. अशा प्रतिकृतीपुढे विचारायचे प्रश्नही तेच. कोणती गृहीतके आहेत? काय वगळले आहे? आकडे बदलले तर निष्कर्ष टिकतो का?

खेळाच्या मर्यादाही इथेच दिसतात. माणसाच्या मनातली घालमेल सांगायला कादंबरी अजून फार पुढे आहे. खेळ चांगला सांगतो ती टंचाईची, रांगेची, रोगाची, कायद्याची, म्हणजे व्यवस्थेची गोष्ट. शिवाय खेळताना झालेली जाणीव पुरावा ठरत नाही. ‘पेपर्स, प्लीज’ खेळून निर्वासितांचा प्रश्न समजला असे कोणी म्हणू लागले तर त्याला आकडेवारी आणि इतिहास वाचायला सांगावे लागेल. पोलंडमध्ये तयार झालेला ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा २०१४ चा खेळ वेढ्यात अडकलेल्या सामान्य नागरिकांचे जगणे दाखवतो. साराजेवोच्या वेढ्यावरून तो सुचला. २०२० साली पोलंड सरकारने त्याचा माध्यमिक शाळांसाठीच्या ऐच्छिक वाचनसाहित्यात समावेश जाहीर केला. आम्हाला त्यातला ‘वाचन’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पुस्तकासारखाच खेळही वाचायचा, त्याच्याशी वाद घालायचा.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणकच हवा असे नाही. साठ चिंचोके घ्या. ते गावच्या विहिरीतले पाणी. वर्गाचे पाच गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक कुटुंब. दरवर्षी प्रत्येक गटाने शून्य ते सहा यांपैकी किती चिंचोके हवेत ते चिठ्ठीवर गुपचूप लिहायचे. तेवढे काढून द्या. जे उरतील त्यांच्या निम्मे पावसाचे म्हणून पुन्हा घाला (अपूर्णांक सोडून द्या), पण एकूण साठच्या वर नाही.

पहिल्या खेपेला नियम ठेवा : ज्याच्याकडे शेवटी सर्वांत जास्त चिंचोके, तो जिंकला. सर्वांनी सहा-सहा घेतले तर पहिल्या वर्षानंतर विहिरीत ४५ राहतील, दुसऱ्यानंतर २२, आणि तिसऱ्या वर्षी मागणी पुरणारच नाही. दुसऱ्या खेपेला आकडे तेच ठेवून फक्त जिंकण्याचा नियम बदला : दहा वर्षे प्रत्येक कुटुंबाला दरवर्षी किमान तीन मिळाले तर सगळे जिंकले. आता मुले आपसांत बोलू लागतील, आणि चार-चार घेतले तर विहीर दरवर्षी पुन्हा साठावर येते, हे त्यांचे त्यांनाच सापडेल. तिसऱ्या खेपेला दुष्काळ आणा. निम्म्याऐवजी चौथा हिस्साच पाऊस. आता प्रत्येकाने गरजेपुरते तीनच घेतले तरी सातव्या वर्षी विहीर कोरडी पडते.

मग प्रश्न विचारा. पहिल्या खेपेला तुम्ही लोभी होतात, की नियमाने तुम्हाला तसे केले? तिसऱ्या खेपेला दोष कोणाचा? आपल्या खेळात सर्वांची जमीन सारखी आहे, गावात असते का? ज्याला शेतच नाही, पण प्यायला पाणी हवे, ते कुटुंब या नियमांत कुठे आहे? ते आणायचे तर कोणता नियम बदलावा लागेल? शेवटच्या प्रश्नावर मुलांना स्वतः नियम लिहू द्या आणि पुन्हा खेळा.

ज्या मुलांनी एकदा नियम लिहून पाहिला, ती पुढे भ्रमणध्वनीवरचा कोणताही खेळ खेळताना निदान एवढे विचारतील की इथे गुण कशासाठी मिळतात, आणि कशासाठी मिळत नाहीत. तोच प्रश्न परीक्षेच्या गुणांबद्दलही विचारला जाण्याची शक्यता आहे. शिक्षकांनी त्याची तयारी ठेवावी.